जुनी सिस्टिम काढून नेणे – १ नग

गच्चीवरच्या सोलरच्या कोटेशनमध्ये, दुसऱ्या पानावर, अगदी तळाला, 'अटी व शर्ती'च्या डोक्यावर एक ओळ होती : 'जुनी सिस्टिम काढून नेणे – १ नग – रु. ०'. वरची दीड पानं पॅनेल कुठल्या कंपनीचे, इन्व्हर्टरला किती वर्षांची वॉरंटी, केबल किती मीटर, यातच गेली होती. मी पतसंस्थेत वसुली बघते, वीस वर्षं झाली. शून्य रुपयांची ओळ दिसली की माझं बोट तिथं थांबतं. फुकट करतो म्हणणारा माणूस ते काम करणारच नसतो, किंवा त्याचे पैसे त्यानं दुसरीकडं लावलेले असतात.

आमच्याकडं ही ओळ दोन्ही अर्थांनी खरी ठरली असती. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितेय. नवीन सोलर कसं बसवायचं यावर हजार जण बोलतात. दहा वर्षं जुनं काढून त्याच गच्चीवर नवीन घालायचं असेल तर काय काय होतं, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आमचं घर सांगलीत, शामरावनगरात. २०१६ साली दोन किलोवॅटची सिस्टिम बसवली होती. २५० वॅटचे आठ निळे पॉली पॅनेल. सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास गेले होते आणि केंद्राची ३० टक्के सबसिडी मिळाली होती. त्या वेळी गल्लीत आमचंच पहिलं. लोक गच्चीवर बघायला यायचे, आत्या त्यांना चहा द्यायच्या. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.) पहिल्या वर्षी २,७०० युनिट पडले. तो आकडा मला पाठ आहे, कारण ह्यांनी तो पाहुण्यारावळ्यांत किमान शंभर वेळा सांगितलाय.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. इर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) खाली पार्किंगच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर. आम्ही आठ दिवसांनी परत आलो तेव्हा त्याच्या डिस्प्लेच्या काचेआड आतल्या बाजूनं गाळाची रेघ होती. पॅनेल वर कोरडे ठणठणीत आणि इन्व्हर्टर गेलेला. पुराचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. २८ हजार घालून नवा घेतला आणि तो जिन्याच्या खोलीत, वर लावला. सांगलीत सोलर लावणाऱ्याला माझं एकच सांगणं : इन्व्हर्टर वरच लावा, केबल चार मीटर जास्त लागली तर लागू द्या.

त्यानंतर सिस्टिम चालत राहिली, पण वर्षावर्षाला ढेपाळत गेली. पॅनेल वर्षाला अर्धा-पाऊण टक्का कमी होतात हे ठीक आहे, तेवढं धरूनच चालायचं. आमचे २०२४ मध्ये १,९०० युनिट पडले. ही घट नव्हे, ही गळती. आणि पावसाळ्यात नवीनच नाटक : सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसायचा, 'आयसोलेशन फॉल्ट'. अकरा-साडेअकराला ऊन तापलं की आपोआप सुरू. ह्यांना वाटायचं इन्व्हर्टरच गेला.

कारण पुढं कळलं. पॅनेलच्या पाठीला जे पांढरं प्लास्टिक असतं ते भेगाळलं होतं. हात फिरवला की बोटांना पिठूळ पावडर लागायची, जुन्या चुन्याच्या भिंतीला हात लावल्यासारखी. त्या भेगांतून ओल आत जायची आणि करंट फ्रेममधून जमिनीकडं झिरपायचा. इन्व्हर्टर सकाळी सुरू व्हायच्या आधी हीच गोष्ट तपासतो, झिरपा सापडला की सुरूच होत नाही. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो.

दोनच पॅनेल जास्त खराब होते, तर तेवढेच बदलू, असं मलाही वाटलं. पण २५० वॅटचे पॅनेल आता दुकानात मिळतच नाहीत. आताचे ५५० वॅटचे, आकारानं दीडपट. पॅनेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळं साऱ्या माळेत करंट सगळ्यांत कमजोर पॅनेलएवढाच वाहतो. जुने आठ-साडेआठ अँपिअरचे, नवे तेरा अँपिअरचे. बैलजोडीत एक खिल्लारी आणि एक थकलेला, असं होतं ते. आणि २५ वर्षांची वॉरंटी? कागद होता. बसवणाऱ्याचा फोन २०२० पासून बंद, दुकानाच्या जागी आता केक शॉप आहे. कंपनीनं सांगितलं, पॅनेल स्वखर्चानं पाठवा, तपासू, मग बघू. एकोणीस किलोची काच ट्रान्सपोर्टनं पाठवायची, तीही परराज्यात. सोडून दिलं.

तीन कोटेशन आली.

पहिल्याचं ऑफिस भारी, एसी, पाण्याची बाटली, टॅबवर आमच्या घराचं उपग्रहातलं चित्र. तो म्हणाला, "मॅडम, ७८ हजार सबसिडी धरूनच रेट सांगतोय." पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात हे बरोबर. पण आधी सोलरची सबसिडी घेतलेल्या घराला ती नाही, हे योजनेच्याच अटींत आहे. मी तसं म्हटल्यावर तो हसला. "दिरांच्या नावावर वेगळं मीटर दाखवू, करून देतो." मी वसुलीत आहे. 'करून देतो' म्हणणाऱ्या माणसाच्या कर्जावर जामीनदार कोण असतो हे मला माहीत आहे. उठले.

दुसऱ्याचा दर सगळ्यांत कमी. बारकाईनं वाचलं तर 'विद्यमान केबल व स्ट्रक्चर वापरणे' असं एका ओळीत. दहा वर्षं उन्हात तळलेली केबल आणि २५० वॅटच्या मापाचं स्ट्रक्चर. त्याची पोरं पाहणीला आली होती, त्यातल्या एकानं 'बघतो' म्हणून चालू सिस्टिममधला एक कनेक्टर ओढला. चर्रकन निळी ठिणगी, आणि कनेक्टरचं टोक काळं. तो पोरगा हसत होता. मी हसले नाही.

तिसरा छोटा ठेकेदार. त्यानं स्वतःऐवजी मिस्त्रीला पाठवलं, कुपवाडचा, पन्नाशीचा. मिस्त्री गच्चीवर आला, चप्पल काढली, आणि सरळ पॅनेलखाली उताणा झोपला. दहा मिनिटं खालून बघत होता. उठला तो पाठीला धूळ आणि हातात एक गंजका नट घेऊन. "वैनी, वरनं नका बगू. सोलरची तब्येत पाठीवर कळती." काम याला द्यायचं हे माझं तिथंच ठरलं, दर नंतर बोललो.

दर. ३.३ किलोवॅट, ५५० वॅटचे सहा मोनो पॅनेल, तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, नवीन केबल, नवीन स्ट्रक्चर : १ लाख ६० हजार, अधिक जीएसटी. सबसिडी मिळणार नव्हतीच, त्यामुळं त्यासाठी लागणारे डीसीआर पॅनेल, म्हणजे आतले सौर सेलही भारतात बनलेले, घ्यायची सक्ती नव्हती. साधे घेतले, तिथं पैसे वाचले. जीएसटीची गंमत सांगते. सोलरच्या बिलात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात. मालावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, सेवेचा १८ तसाच. म्हणजे एकूण १३.८ होता तो ८.९ झाला. मला आलेल्या बिलाच्या मसुद्यात नोव्हेंबरातही १३.८ च लावले होते. जुनं फॉरमॅट, म्हणे. ७,८४० रुपयांचा फरक. कॅल्क्युलेटर पुढं सरकवल्यावर फॉरमॅट लगेच बदललं.

ती शून्य रुपयांची ओळ मी खोडायला लावली. त्याऐवजी पाच ओळी लिहून घेतल्या : पॅनेल उतरवणे, स्ट्रक्चर काढणे, बोल्टची भोकं भरणे, पाणी साठवून चाचणी, जुन्या मालाचं काय करायचं ते. त्याचे साडेपाच हजार वेगळे दिले. आयुष्यात इतक्या आनंदानं जास्तीचे पैसे मी दिले नव्हते.

काम दिवाळीनंतर काढलं. गच्ची कोरडी हवी, कोबा फोडावा लागला तर वाळायला वेळ हवा. आणि त्या आधी कुणी मोकळाही नव्हता.

पहिला दिवस, सकाळी आठ. मिस्त्री आणि तीन पोरं. मला वाटलं होतं मेन स्विच पाडला की झालं. मिस्त्री म्हणाला, "मेन पाडून लाइट जाती. ह्यो सूर्य कोण पाडणार?" पॅनेलवर ऊन आहे तोवर माळेत व्होल्टेज आहेच. आमच्या आठ पॅनेलच्या माळेत तीनशे व्होल्टच्या आसपास, आणि तेही डीसी. घरातल्या एसी करंटची ठिणगी विझायला बघते, डीसीची लांबत जाते. त्यानं आधी इन्व्हर्टर बंद केला, मग डीसीचा आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी लाइन तोडणारा स्विच), मग केबलला करंट मोजायचा चिमटा-मीटर लावून काटा शून्यावर आहे हे मलाही दाखवलं. त्यानंतरच दोन दातांच्या एका प्लास्टिकच्या चावीनं कनेक्टर सोडवले आणि प्रत्येक टोकाला टेप गुंडाळली. पॅनेलवर ताडपत्री. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. त्या ठिणगीवाल्या पोराची मला आठवण झाली.

पॅनेल भराभर निघतील असं वाटलं होतं. नाही निघाले. २०१६ च्या कारागिरानं स्ट्रक्चर चांगलं गॅल्व्हनाइज्डचं घातलं होतं, पण नट-बोल्ट साधे लोखंडी. दहा पावसाळ्यांत नट आणि बोल्ट एकजीव झाले होते, पान्हा फिरवला की डोकंच गोल व्हायचं. आदल्या संध्याकाळी तेलाचा फवारा मारून ठेवायला हवा होता, हे मिस्त्रीनं स्वतःच कबूल केलं. शेवटी ग्राइंडर. दोन पोरं वाकळ धरून ठिणग्या अडवत होती, तिसरा कापत होता. आमची ती वाकळ आता पायपुसणं झाली.

आणि इथं माझ्याकडून ठेकेदाराचा पहिला गुण कमी. संध्याकाळी गच्ची झाडली होती, स्वच्छ दिसत होती. रात्री दव पडलं. सकाळी पांढऱ्या रंगाच्या गच्चीवर शेकडो तपकिरी ठिपके, गोवर उठल्यासारखे. ग्राइंडरचा लोखंडी भुसा. तो झाडूनं निघत नाही, चुंबक फिरवावं लागतं किंवा कापायच्या आधी खाली ताडपत्री अंथरावी लागते. ताडपत्री होती, पॅनेलवर घातलेली! ठिपके अजून आहेत. ठेकेदार म्हणाला रंगाचा एक हात मारून देतो. वार विचारला तर 'बघू' म्हणाला.

पॅनेलखाली काय काय होतं ते सांगायलाच हवं. कबुतरांची तीन घमेली घाण, एक टेनिसचा बॉल, धुण्याचे चिमटे अकरा, आणि आत्यांचा पळा. तो पळा २०२२ पासून हरवला होता आणि त्याचा आळ आमच्या भांडेवालीवर होता. आत्यांनी पळा धुतला आणि दुसऱ्या दिवशी तिला एक वाटी श्रीखंड दिलं. कारण सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला तीन वर्षं ओल होती. पोपडे पडायचे, दोनदा रंग झाला, एकदा गच्चीला वॉटरप्रूफिंगचा थर झाला, आठ हजार. ओल तिथंच. स्ट्रक्चरचे पाय निघाले तेव्हा कळलं. सोळा पाय, प्रत्येकाला चार बोल्ट, कोबा फोडून थेट स्लॅबमध्ये ठोकलेले. वॉटरप्रूफिंगवाल्यानं पायांच्या भोवतीनं रंग मारला होता, पायाखाली कसा मारणार? एका पायाचा बोल्ट मिस्त्रीनं उपसला तर भोकात काळं पाणी होतं. नोव्हेंबरात. त्यानं त्यात काडी बुडवून मला दाखवली, तेलात वात बुडवल्यासारखी ओली निघाली. ते भोक बरोब्बर आमच्या पलंगाच्या वर.

मिस्त्रीनं प्रत्येक भोक बोटभर मोठं करून, भुसा फुंकून काढून, न आकसणाऱ्या सिमेंटनं भरलं. दोन दिवसांनी पन्हाळीच्या तोंडात चिंध्या कोंबून गच्चीवर तीन इंच पाणी साठवलं. अठ्ठेचाळीस तास. मी दर चार तासांनी खोलीत जाऊन छताकडं बघत होते, ह्यांनी मला 'पूर नियंत्रण कक्ष' हे नाव ठेवलं. एका जागी नाण्याएवढा डाग दिसला. ते भोक परत उकरून भरलं, परत पाणी, परत अठ्ठेचाळीस तास. दुसऱ्यांदा छत कोरडं राहिलं. जुनं सोलर काढणारा माणूस ही चाचणी करत नसेल तर त्याला गच्चीवर चढू देऊ नका. कारण त्यानंतर त्या जागेवर नवीन स्ट्रक्चर येतं आणि पुढची वीस वर्षं तिथं कुणाचा हात पोचत नाही.

नवीन पाय मिस्त्रीनं बीमच्या रेषेवर घेतले. संख्या सोळावरून सहा. प्रत्येक पायाभोवती सिमेंटचा छोटा चौथरा आणि त्याच्या कडेनं उतरता वाटा, म्हणजे सिमेंटचा तिरका काठ, मारला, पाणी थांबू नये म्हणून.

स्ट्रक्चर आठ फूट उंच घेतलं. याचे १८ हजार जास्त, वरच्या १ लाख ६० हजारांतच धरलेले. हा हट्ट आत्यांचा. जुने पॅनेल गुडघ्याएवढे, त्यांनी अर्धी गच्ची खाल्ली होती. "दहा वर्षं माझं वाळवण कठड्यावर काढलंत," असं त्या ठेकेदारालाच म्हणाल्या, जसं काही त्यानंच २०१६ ला काम केलं होतं. मिस्त्री म्हणाला, "आजी, खालनं ट्रॅक्टर जाईल एवढं उंच करतो." वारा लागतो म्हणून मग आडवे-तिरपे टेकू जास्त आले.

नवे पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडे कमी रुंद, २८ किलोचे. जिन्याच्या वळणात बसेनात. कठड्यावरून दोर टाकून बाहेरच्या बाजूनं ओढले, खाली एक पोरगा, वर दोघे, मध्ये शेजाऱ्यांचा शेवगा. शेवग्याच्या दोन फांद्या गेल्या. तशाही त्या दुपारी तीननंतर सावली टाकत होत्या, पण परवानगी आधी घ्यायला हवी होती. शेंगांचा हंगाम यायचाय, संबंध सुधारतील.

अर्थिंगचे जुने तीन खड्डे तपासले. दोन ठीक, तिसरा वीज पकडणाऱ्या सळईचा. त्याची तांब्याची तार जमिनीलगत कुणीतरी कापून नेली होती. किती वर्षं ती सळई नुसतीच शोभेला उभी होती देव जाणे. नवी तार पाइपातून घेतली.

बसवणं अडीच दिवसांत संपलं. तिथं लिहिण्यासारखं फार नाही, चोख झालं. सगळे बोल्ट स्टेनलेसचे, हे मी प्रत्येकावर चुंबक लावून पाहिलं. मिस्त्रीनं ते मनावर घेतलं नाही.

मनावर घेण्यासारखं पुढं झालं. जुनं दोन किलोवॅटचं मंजूर, नवं तीनच्या वर. म्हणजे महावितरणकडं मंजूर भार वाढवणं, नवीन अर्ज, मीटरची तपासणी. ते होईपर्यंत सिस्टिम चालू करायची नाही. ठेकेदाराच्या ऑफिसनं अर्ज भरला आणि आमच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट टाकले. अर्ज परत. ही बाब त्यांनी मला नऊ दिवस सांगितलीच नाही, विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे." वसुलीत मी शिकलेय की 'उद्या' म्हणणाऱ्याला वार विचारायचा आणि वार सांगितला की वेळ विचारायची. दहाव्या दिवशी मी ऑफिसात जाऊन त्यांच्याच खुर्चीवर बसून अर्ज स्क्रीनवर बघितला. चूक मीच शोधली. सव्वीस दिवस सहा चकचकीत पॅनेल गच्चीवर ऊन खात बसले, आणि जुने पाच युनिट रोजचे तेही बंद. त्या महिन्याचं बिल तीन हजारांच्या वर गेलं. याचा दुसरा गुण कमी, आणि तो मी परत देणार नाही.

जुन्या पॅनेलचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. भंगारवाला सायकल घेऊन आला होता, त्याला फक्त ॲल्युमिनियमची फ्रेम हवी. काच तो कुठंतरी ओढ्याला टाकणार. पॅनेलच्या वजनात तीन-चतुर्थांश काचच असते आणि आतल्या डागकामात शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत सोलर पॅनेलही येतात. उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचा असला कचरा साठवून ठेवायचा, असं त्यात आहे. कागदावर छान. शामरावनगरातल्या बाईनं आठ पॅनेल कुणाच्या हातात द्यायचे? मिस्त्रीनं सगळे पॅनेल उन्हात ठेवून एकेक मोजले. सहा चांगले, दोन गेलेले, त्यांतल्या एकाच्या पाठीवरच्या डबीतला डायोड जळून डबी वितळलेली. चांगल्यांतले दोन माझ्या भावानं तासगावजवळच्या द्राक्षबागेतल्या शेडवर नेले. एमपीपीटी चार्जर (पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीजोगं करणारा) आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडून तिथं आता चार दिवे आणि पंखा चालतो. उरलेले चार पॅनेल ठेकेदारानं घेतले, नगाला सातशे दिले, मी सिरियल नंबरासह पावती घेतली. दोन मेलेले त्याच्याच गोदामात, ई-कचरा घेणाऱ्यांची गाडी येईल तेव्हा जातील. पावती माझ्याकडं आहे, गाडीचं मी विचारत राहणार.

एक बारीकसारीक पण महत्त्वाचं : इन्व्हर्टरचं मोबाइल ॲप. वायफायची काडी लावून ठेकेदार खातं उघडतो ते स्वतःच्या ईमेलवर. आमच्या जुन्या सिस्टिमचं खातं त्या बंद फोनवाल्याबरोबरच गेलं, सहा वर्षांची आकडेवारी गेली. या वेळी शेवटचे १७ हजार मी लॉगिन माझ्या नावावर होईपर्यंत अडवून धरले. दोन तासांत झालं.

आता तीन महिने झाले. निरभ्र दिवशी १२ ते १३ युनिट पडतात. ह्यांची इलेक्ट्रिक स्कूटर, फ्रिज, पंखे भागून युनिट शिल्लक राहतात. ही शिल्लक महावितरणच्या तारांवर जाते, पुढच्या महिन्याच्या बिलात ओढली जाते आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो, तेव्हा उरलेल्या युनिटला आपण भरतो तो दर मिळत नाही. म्हणून 'पाच किलोवॅटच घ्या की' म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही. लाइट गेली की सोलरही बंद, हे आत्यांना दहा वर्षांत पटलेलं नाही. "एवढं ऊन पडलंय आणि पंखा बंद?" खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या सोलरचा झटका बसू नये म्हणून, असं सांगितलं की गप्प बसतात. पुढच्या वेळी परत विचारतात.

धुण्याचा प्रश्न मात्र मी आधी विचारात घेतला नव्हता. आठ फुटांवरचे पॅनेल धुवायचे कसे? शिडी कोटेशनमध्ये नव्हती. अडीच हजार वेगळे देऊन लोखंडी शिडी आणि कडेनं एक फळी करून घेतली. सकाळी सातच्या आत, नळाच्या पाण्यानं. बोअरच्या पाण्यानं धुतलं की क्षारांचे पांढरे ओघळ राहतात, आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

पाचपैकी तीन तारे. मिस्त्रीला पाच, ऑफिसला एक. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात मिस्त्री दुसरीकडं गेला तर हा अभिप्राय वाचून जाणाऱ्याला मिळणार ते ऑफिसच.

आणि वाळवण. गेल्या आठवड्यात आत्यांनी उडदाचे पापड लाटले, मोठ्या उत्साहानं नवीन स्ट्रक्चरखाली चादर अंथरली. साडेदहाला खाली आल्या. "अगं, तिथं सावली आहे की गं सगळी!" अठरा हजार रुपये, तीन महिने, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आता पापड पाण्याच्या टाकीजवळच्या पट्ट्यात वाळतात, कठड्याला लागून, आणि बाराला एकदा पूर्वेकडं सरकवावे लागतात. पॅनेलखाली आत्या खुर्ची टाकून बसतात, कावळे हाकायला.